हेलिओस ४४-२ : सूर्य समोर आला की फोटो दुधाळ, कोटिंग गेलंय का?

चक्रमकॅमेरा:
मंडळी एक विचारायचंय. सेकंडहँड हेलिओस ४४-२ (जुनी सोव्हिएत लेन्स) घेतलीये, अडॅप्टर लावून मिररलेस कॅमेऱ्यावर वापरतो. सावलीत एकदम झकास, पण सूर्य जरा समोर आला की सगळं दुधाळ, काळे केससुद्धा करडे. काच तिरकी धरली की जांभळट झाक दिसते, ती कोटिंगचीच ना? एक दुकानदार म्हणतोय पॉलिश करून नव्यासारखी देतो, देऊ का? पुढे यूव्ही फिल्टर आहे, लेन्ससोबतच आलेला.

जुनीकाच:
पॉलिशला अजिबात देऊ नकोस!! कोटिंग म्हणजे काचेवरून उजेड परत फिरू नये म्हणून दिलेला मॅग्नेशियम फ्लोराइडचा जेमतेम १०० नॅनोमीटरचा थर, पॉलिशमध्ये आधी तोच जाणार. जांभळी झाक चांगलीच आहे रे, एकच थर असला की हिरवट-पिवळा उजेड जवळजवळ सगळा आत जातो, लाल-निळा थोडा परत येतो म्हणून तसं दिसतं. लेन्स ट्यूबलाइटखाली धर आणि आत ट्यूबची प्रतिबिंबं बघ. रंगीत तर कोटिंग शाबूत, पांढरंफटक दिसलं तर त्या बाजूला नाही. फिल्टर काढून वेगळा बघ.

चक्रमकॅमेरा:
बघितलं दादा. लेन्समधली सगळी जांभळी-निळी, फिल्टरची दोन्ही पांढरी.

फोकसराव:
मग सापडला की चोर! बिनकोटिंगची काच दर बाजूला ४ टक्के उजेड परत फेकते, फिल्टरच्या दोन बाजूंचे झाले ८. उजेड कमी झाला त्याचं काही नाही, शटर स्लो करता येतो, पण परत फेकलेला उजेड आतल्या आत आपटत शेवटी सेन्सरवर सांडतो ना, ते तुझं दूध. १९३५ मध्ये त्साइस कंपनीच्या स्माकुलाने कोटिंगचं पेटंट घेतलं त्याआधी त्यांच्या प्लानार लेन्सचं हेच दुखणं होतं, हवेला लागणाऱ्या ८ बाजू, आणि बेर्टेलेने आखलेल्या सोनार लेन्सला ६ च, म्हणून सोनारचा कॉन्ट्रास्ट सरस. तुझी हेलिओस प्लानारच्याच खानदानातली, तिलाही ८, वर तू आणखी २ लावल्यास 😄

जुनीकाच:
फिल्टर काढून हूड (लेन्सपुढे सावली धरणारी कड) लाव, पण मल्टिकोटिंगवाल्या लेन्ससारखा काळा रंग येईल अशी आशा ठेवू नकोस. पेंटॅक्सने १९७१ ला त्यांच्या ताकुमार लेन्सवर कोटिंगचे अनेक थर दिले तशातला हा माल नाही.

पावसाळीपाखरू:
मागून टॉर्च मारून फंगस (बुरशी) पण बघून घे, त्याचं अॅसिड आधी कोटिंग खातं मग काच, आणि ते पुसून निघत नाही. सिलिकाच्या पुड्या टाकून हवाबंद डब्यात ठेव.

चक्रमकॅमेरा:
फिल्टर काढला, बराच फरक पडला. आता हूड ४९ मिमीचा शोधतोय, कुणाकडे पडलाय का?