मदत हवी आहे: सोसायटीचा डीव्हीआर बाहेरून उघडा दिसतोय

मंडळी, आमच्या सोसायटीत १६ चॅनलचा जुना डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारं यंत्र) आहे, मोबाईलवर दिसावं म्हणून इन्स्टॉलरने राउटरला पोर्ट फॉरवर्ड करून ठेवलंय (म्हणजे इंटरनेटवरून थेट डीव्हीआरपर्यंत वाट उघडी) आणि बाहेरून स्कॅन केलं तर पोर्ट ८० (वेब पेजचा) सोबत २३ म्हणजे टेलनेट (दुरून लॉगिन करून कमांड द्यायची जुनी सोय) पण ओपन दिसतंय!! अ‍ॅडमिनचा पासवर्ड बदललाय पण टेलनेटचा मेनूतून बदलताच येत नाही, तो फर्मवेअरमध्येच (यंत्रातल्या मूळ सॉफ्टवेअरमध्येच) बसवलेला असावा. २०१६ ला मिराय बॉटनेट (हॅक केलेल्या यंत्रांचं जाळं) असंच पसरलं होतं, फॅक्टरी पासवर्ड टाकून डीव्हीआर आणि कॅमेरे ताब्यात घेतले आणि ऑक्टोबरमध्ये डाइन (Dyn) या वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डीएनएस कंपनीवर हल्ला करून ट्विटर, नेटफ्लिक्स पार ठप्प केलं. पण मला खरी काळजी फुटेजची आहे, लिफ्ट, पोरांची खेळायची जागा सगळं त्यात दिसतं, कोणी बघत असलं तरी आपल्याला कळणार कसं?

कंपनीकडे या मॉडेलचं नवीन फर्मवेअर नाहीये. फॉरवर्डिंग आणि यूपीएनपी (आपोआप पोर्ट उघडणारी सोय) बंद करून राउटरवर वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे घरच्या नेटवर्कमध्ये यायचा सुरक्षित बोगदा) टाकलं तर लोकल आयपीवरून अ‍ॅप चालेल का? क्लाउड पीटूपी (कंपनीच्या सर्व्हरमार्फत मोबाईल जोडायची सोय) पण बंद करावं लागेल ना? कमिटी म्हणते चालतंय तर हात कशाला लावायचा, त्यांना कसं पटवू तेपण सांगा प्लीज.