विषय: [शिबिर] रोव्हरचं पुढचं चाक अधांतरी राहतंय, शनिवारपर्यंत निर्णय हवा

प्रेषक: वैशाली (इंदिरानगर, नाशिक)

मंडळी,

शिबिरासाठी बघितलेल्या, तुकडे जोडून बांधायच्या खेळण्यातल्या रोव्हरचे नमुन्याचे तिन्ही डबे बांधून झाले. कॉलेज रोडच्या दुकानदाराने २४ डब्यांचा भाव शनिवारपर्यंत धरून ठेवलाय, म्हणून थेट अडचण सांगते.

फरशीवर तिन्ही रोव्हर उत्तम चालतात. वाळूच्या ट्रेमध्ये (गेल्या दिवाळीचाच मंगळाचा ट्रे) ठेवले की एक पुढचं चाक उचललं जातं आणि तसंच राहतं. घरी बघायचं असेल तर डाव्या पुढच्या चाकाखाली पेन्सिल ठेवा आणि बाकीच्या प्रत्येक चाकाखालून कागदाची पट्टी ओढा. उजव्या पुढच्या चाकाखालून ती अलगद निघून येते. तिन्ही डब्यांत हेच, त्यामुळे एखाद्या डब्यातला बिघाड नाही.

बाकी सेट मला मनापासून आवडला. १४६ तुकडे, चार पिशव्या, ३८ पायऱ्या. निळं-करडं अंग, पारदर्शक पिवळी काच, मागे दुमडणारी अँटेना आणि आत हेल्मेटवाला एक चालक. चौथीची दोन मुलं मिळून दीड तासात बांधतील. पण सहा चाकांची गाडी खडबडीत जमिनीवर कशी चालते, हेच त्या सत्रात दाखवायचंय. चाक हवेत राहिलं तर सत्राचा मुद्दाच निसटतो. घ्यायचे की दुसरा सेट बघायचा?

वैशाली

---

प्रेषक: मिलिंद

वैशाली, उपाय सोपा आहे. अंगाला जिथे बाजूच्या पट्ट्या जोडल्यात तिथे काळ्या पिना आहेत, त्या घट्ट असतात. त्या काढून सैल करड्या पिना लावा. सगळे सांधे मोकळे झाले की सहाही चाकं टेकतील. शिबिराआधी मी येतोय, तेव्हा मंडळाच्या जुन्या पेटीतल्या मूठभर करड्या पिना घेऊन येईन.

मिलिंद

---

प्रेषक: सुहासकाका (गंगापूर रोड)

> सगळे सांधे मोकळे झाले की सहाही चाकं टेकतील

मिलिंद, चाकं टेकतील, पण गाडी नाकावर पडेल. दोन्ही मुख्य पिना सैल केल्या की अंग नुसतं त्या दोन पिनांवर लोंबकळतं, त्याला पुढे-मागे धरून ठेवणारं काहीच उरत नाही. खऱ्या रोव्हरमध्ये हे काम डिफरन्शियल करतं. डाव्या-उजव्या रॉकरना (बाजूच्या मुख्य पट्ट्यांना) जोडणारा दांडा किंवा गिअर असतो, एक बाजू वर गेली की दुसरी तितकीच खाली जाते आणि अंग दोघांच्या मधल्या कोनात राहतं. या सेटमध्ये तो दांडा नाही, म्हणून तिथे मुद्दाम घट्ट पिना दिल्या आहेत.

आता चाक का उचललं जातं ते बघा. प्रत्येक बाजूला सात भोकांची पट्टी आहे, तो रॉकर. तिच्या पहिल्या भोकात पुढचं चाक आणि सातव्या भोकात पाच भोकांची बोगी, मधोमध अडकवलेली. बोगीच्या दोन टोकांना मधलं आणि मागचं चाक. बोगी सैल पिनेवर मोकळी फिरते, तिची काही तक्रार नाही. पण दोन्ही रॉकर अंगाला घट्ट बसलेत, म्हणजे दोन पुढची चाकं आणि दोन बोग्यांचे सांधे मिळून चार पायांचं टेबल झालं. जमीन असमान असली की टेबलाचा एक पाय उचलला जाणारच. वजन मागे जास्त असल्यामुळे उचलला जातो तो पुढचा.

यावर उपाय असा: एका बाजूची मुख्य पिन घट्टच ठेवायची, दुसऱ्या बाजूची सैल करायची. समजा डावीकडे काळी आणि उजवीकडे करडी. अंग डाव्या रॉकरबरोबर राहतं, उजवा रॉकर आपापला वरखाली होतो, आणि सहाही चाकं टेकतात. पेन्सिल आणि कागदाची चाचणी पुन्हा घ्या, पट्टी कुठूनच सहज निघणार नाही.

डाव्या काळ्या पिनेवर वाळूत ताण येऊन अंग हळूहळू झुकू शकतं. मुख्य पिन रॉकरच्या पाचव्या भोकात असते, म्हणून शेजारच्या चौथ्या भोकातही एक काळी पिन घाला, अंगाच्या बीममध्ये त्या जागी भोक रिकामं आहे. मग डावी बाजू पक्की.

जुन्या पेटीतलं काही आणायची गरज नाही. बारीक तुकडे एकेक जास्त येतात, त्यात एक करडी पिन आहेच. उजवीकडची काढलेली काळी पिन डाव्या चौथ्या भोकात जाते. हिशोब डब्यातच जुळतो.

सुहास

---

प्रेषक: ऋता (नाशिक रोड)

काकांनी सांगितलेलं करून बघितलं, चाललं. पण त्याआधी दोन गोष्टी मुलांकडून हमखास चुकणार आहेत, त्या नाही सांभाळल्या तर काकांचा उपाय करूनही गाडी नीट चालणार नाही.

एक, पिनांचा रंग. पुस्तिकेच्या छपाईत गडद करडा आणि काळा एकसारखेच दिसतात, आणि ट्यूबलाइटखाली हातातसुद्धा फरक पटकन कळत नाही. नखाने तपासा. काळ्या पिनेवर लांबीच्या दिशेने बारीक उंचवटे लागतात, करडी गुळगुळीत असते. त्याहून खात्रीचं म्हणजे पिन पट्टीच्या भोकात घालून पट्टीला टिचकी मारा. करडीवर पट्टी गिरकी घेते, काळीवर तिथेच थांबते. चाकात चुकून काळी गेली की चाक फिरत नाही, फरफटत जातं. वाळूत लगेच चर पडतो आणि मुलांना वाटतं चाकच खराब आहे.

दोन, पायरी १७. मुख्य पिन रॉकरच्या पाचव्या भोकात हवी. चित्र तिरकं काढलंय, त्यामुळे मधलं म्हणजे चौथं भोक वाटतं. चौथ्यात घातली तरी सगळं बसतं, म्हणून चूक लक्षात येत नाही. मात्र मग अर्धं वजन पुढच्या दोन चाकांवर येतं आणि उरलेलं अर्धं मागच्या चार चाकांत वाटलं जातं, आणि वाळूत नाक रुततं. पाचव्यात घातली की पुढचं अंतर चार भोकांचं आणि मागचं दोन भोकांचं होतं. बोगीवर दोन चाकं आहेत, त्यामुळे दुप्पट भार अर्ध्या अंतरावर, आणि सहाही चाकांवर सारखं वजन. सातवीच्या मुलांना हे तरफेचं गणित फळ्यावर करून दाखवता येईल.

पुढच्या चाकाची लांब पिन आणि मधला बुश (पोकळ गोल कडं) यांकडेही लक्ष हवं. बोगी रॉकरच्या बाहेरच्या बाजूला बसते, म्हणून पुढचं चाक त्याच रेषेत आणायला मध्ये एक बुश लागतो. तो राहिला तर चाक ८ मि.मी. आत जातं.

ऋता

---

प्रेषक: अविनाश (खजिनदार)

सर्वांना,

डब्यातल्याच पिनेवर काम भागत असेल तर माझी हरकत नाही. सुटे भाग वेगळे मागवायचे असतील तर आधी मला विचारा, गणपतीनंतरचा हिशोब अजून मिटायचा आहे.

मिलिंद, जुनी पेटी मंडळाच्या मालमत्तेच्या यादीत आहे. ती उघडायची तर शुभदाताईंकडे नोंद करून.

आणि "परदेशातून स्वस्तात आणू का" हा प्रश्न दर वर्षी येतो म्हणून आत्ताच लिहितो. खेळण्यांवरची मूळ आयात ड्यूटी २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झाली, २०२३ मध्ये ७०. एकाच प्रकारचे २४ डबे सामानात दिसले की ते घरगुती भेट म्हणून खपत नाहीत. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय खूण बंधनकारक आहे. मुलांच्या हातात देताना पालक ती खूण बघतात, आणि बघायलाच हवी. नाशिकमध्येच घ्या, बिल मंडळाच्या नावाने.

अविनाश

---

प्रेषक: मिलिंद

अविनाश, नोंद करूनच घेतो.

पण एक सुचवतो. चाकंच मोठी लावली तर? पेटीत ३० मि.मी.चे चांगले रुंद टायर आहेत. सेटमधले २४ मि.मी.चे वाळूत फारच लहान दिसतात. गाडी जरा अंतराळातली वाटेल.

मिलिंद

---

प्रेषक: सुहासकाका (गंगापूर रोड)

भोकांमधलं अंतर ८ मि.मी. असतं. चाकं पहिल्या, पाचव्या आणि नवव्या जागी येतात, म्हणजे केंद्रापासून केंद्रापर्यंत ३२ मि.मी. २४ चा टायर लावला तर दोन टायरमध्ये ८ मि.मी. मोकळी जागा राहते. ३० चा लावला तर २ मि.मी. वाळूचे खडे तिथे अडकून दोन्ही चाकं एकमेकांना जाम करतात. शिवाय पुढचं चाक वर जाताना मडगार्डला घासतं. सेटची चाकं योग्य मापाची आहेत, ती बदलू नका.

सुहास

---

प्रेषक: शुभदाताई

काकांचं आणि ऋताचं सगळं पटलं. पेटीची किल्ली माझ्याकडे आहे, मिलिंदने आधी फोन करावा.

मला वेगळंच विचारायचंय. चांद्रयान-३ चा प्रज्ञान रोव्हर सहा चाकांचाच होता, २६ किलोचा, २३ ऑगस्ट २०२३ ला चंद्रावर उतरलेल्या लँडरमधून बाहेर आला. मुलांना तो माहीत आहे. मग काच आणि चालक असलेली ही काल्पनिक गाडी कशाला? साधा प्रज्ञानच का नाही बांधायचा?

शुभदा

---

प्रेषक: वैशाली (इंदिरानगर, नाशिक)

शुभदाताई, प्रज्ञान सत्रात असणारच आहे, पहिली वीस मिनिटं त्याचे फोटो आणि रॉकर-बोगी म्हणजे काय ते. पण नुसत्या प्रतिकृतीत मुलांना बदलायला काही उरत नाही. या गाडीत चालक बसतो, त्यामुळे प्रश्न येतात: काच कुठे उघडेल, हवा कुठून येईल, वजन कुठे ठेवायचं. अंग वरून मोकळं आहे, १२ बाय ६ स्टडची (तुकड्यांवरच्या गोल उंचवट्यांची) सपाट जागा मिळते. तिथे मुलं आपली प्रयोगशाळा, ड्रिल, सौर पट्टी काहीही चढवू शकतात, आणि ते चढवल्यावर नाक जड झालं का हे कागदाच्या पट्टीने तपासू शकतात. खऱ्या रोव्हरचे मोठे सेटही बघितले होते. २०२३ चा लेगोचा पर्सिव्हिअरन्स ११३२ तुकड्यांचा आहे, तो एका सकाळी होणं शक्य नाही.

> काच आणि चालक

काचेबद्दल मात्र सावध राहायला हवं. काच दोन क्लिपांनी दांडीवर बसते. मुलं ती तिरकी दाबून बसवतात आणि त्यात क्लिप फाकते किंवा तडकते. दांडी क्लिपच्या तोंडासमोर सरळ धरून, दोन्ही अंगठ्यांनी एकाच वेळी दाबायची. काढतानाही तसंच सरळ.

वैशाली

---

प्रेषक: ऋता (नाशिक रोड)

काचेवरून आठवलं, केबिनची बाजूची पाटी. पायरी २९ ला ती आडवी, म्हणजे स्टड बाहेरच्या बाजूला करून बसते. तिच्या मागे पाच प्लेटचा थर लागतो, कारण एक प्लेट (विटेच्या एक तृतीयांश उंचीचा चपटा तुकडा) ३.२ मि.मी., पाच मिळून १६, आणि १६ म्हणजे बरोबर दोन स्टडची रुंदी. मुलं एक वीट आणि एक प्लेट लावून पुढे जातात. ती झाली १२.८, आणि पाटीमागे एका प्लेटएवढी फट राहते. एक वीट आणि दोन प्लेट, किंवा सरळ पाच प्लेट, दोन्ही चालतं.

स्टिकर चारच आहेत. माझं मत, लावूच नयेत. वाळूचा हात लागला की कडा उचलतात, आणि अँटेनेखालचा स्टिकर दोन तुकड्यांवर येतो, गाडी उलगडताना तो फाटणारच. सेट पुन्हा वापरायचेत ना?

ऋता

---

प्रेषक: शुभदाताई

> सेट पुन्हा वापरायचेत ना?

हो, उन्हाळ्यात पंचवटीच्या गटालाही द्यायचेत. स्टिकर नकोत. आणि शिबिरानंतर धुवायचे असतील तर कोमट पाण्यात, ४० अंशांच्या वर नाही, आणि गच्चीवर उन्हात वाळत घालू नका, सावलीत टॉवेलवर पसरा. वाळू भोकांत राहिली तर पिना खरवडतात, म्हणून पट्ट्या आणि पिना वेगळ्या काढून धुवा. चालक आणि हेल्मेट डब्यात आधी मोजून घ्या, तेच पहिले हरवतात. तीन वर्षांखालची भावंडं सोबत आली तर त्यांना वेगळ्या खोलीत बसवा, पिना गिळण्याइतक्या लहान आहेत.

प्रज्ञानचं समाधान झालं.

शुभदा

---

प्रेषक: वैशाली (इंदिरानगर, नाशिक)

तर २४ डबे घेते. दुकानदाराला उद्याच सांगते, बिल मंडळाच्या नावाने.

तयारी अशी करू. प्रत्येक डब्यातल्या पिना आधीच वेगळ्या काढून दोन झिपच्या पिशव्यांत: "घट्ट" पिशवीत काळ्या २, "सैल" पिशवीत करड्या आखूड ७ आणि लांब २. करड्या सातांपैकी चार बोगीच्या चाकांना, दोन बोगीच्या सांध्यांना आणि सातवी जास्तीची उजव्या मुख्य सांध्याला. लांब दोन पुढच्या चाकांना, बुशसह. दोन्ही काळ्या डाव्या बाजूला, पाचव्या आणि चौथ्या भोकात. पायरी १७ वर "पाचवं भोक" लिहिलेली चिठ्ठी चिकटवू. सगळे तुकडे मोजताना एखाद्या डब्यात जास्तीची करडी नसेल तर तो डबा बाजूला ठेवा, त्याचं मंडळाच्या जुन्या पेटीतून भागवू.

मोजणीला रविवारी सकाळी दहाला माझ्याकडे या. ऋता, रॉकर-बोगीचं तरफेचं गणित फळ्यासाठी तू लिहून आणशील का? काका, उलगडायला ब्रिक सेपरेटर (घट्ट बसलेले तुकडे सुटे करायचं साधन) किमान सहा लागतील, तुमच्याकडे किती आहेत ते कळवा.

वैशाली

---

प्रेषक: सुहासकाका (गंगापूर रोड)

चार आहेत. दोन दुकानातूनच घे, अविनाशला विचारून. आणि रविवारी वाळूचा ट्रे बाहेर काढून ठेव, सुरुवातीचे दोन-तीन रोव्हर त्यातच तपासू.

सुहास