तिसरा बोअर घ्यावा का बाग तोडावी?

बागवान, अंबड: मोसंबीची ४०० झाडं, वडिलांनी लावलेली. विहीर आटली म्हणून दोन बोअर घेतले. पहिला ४०० फूट, कोरडा. दुसऱ्याला ४०० वर धूळच उडत होती, तर बोअरचा गाडीवाला म्हणला, "मालक, एवढं गेलंच आहे, अजून शंभर मारू." मी मान हलवली. ५२० वर थांबलो, तेही खिसा रिकामा झाला म्हणून. आता पाणाड्याचा नारळ बांधाच्या कोपऱ्यात उभा राहिलाय, म्हणजे तिथं पाणी आहे असं तो म्हणतो. गाडी गुरुवारी येणार. माझा माझ्यावरच भरवसा राहिला नाही, म्हणून विचारतोय.

मास्तर, परभणी: घेऊ नका. बुडालेले पैसे तिसऱ्या बोअरच्या हिशोबात धरायचेच नाहीत. हेच रान शेजाऱ्याचं असतं, दोन बोअर त्याचे कोरडे गेले असते, तर तुम्ही त्याला काय सांगितलं असतं? कानेमान आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलंय : मिळाल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचा चटका मोठा. तो चटका मिटवायला माणूस आणखी मोठा जुगार खेळतो.

घनसावंगीचा: मास्तर, पगारावर बसून हे बोलणं सोपं आहे. २०१२ च्या दुष्काळात आम्ही बाग तोडली. चुलत्यानं बोअर घेतला, ३५० ला दोन इंच पाणी. त्याची बाग अजून उभी आहे. नवी बाग धरायला पाच वर्षं लागतात, ती कोण मोजणार? आणि बापाच्या हातची झाडं म्हणून जीव तुटतो, त्याला चूक म्हणायचं का?

खडक-पाणी: चुलत्याची गोष्ट गावभर होते, कोरड्या बोअरवर दगड ठेवून लोक गप घरी जातात. ती गिनती कुणी ठेवत नाही. आपल्याखाली काळा पाषाण आहे. पाणी असतं ते भेगांत नाहीतर वरच्या झिजलेल्या थरात. खोल गेलं म्हणजे वाढतं असं नाही. तसंही २००९ च्या भूजल कायद्यानं शेतीसाठी ६० मीटरच्या, म्हणजे साधारण २०० फुटांच्या, खाली जायला बंदी आहे. पण हे काढलं की सगळे खाली मान घालतात.

बीडची सून: मास्तर, शेजारी तरी निर्मळ असतो का? आमच्या पुण्याच्या दिराला बाग तोडायची भारी घाई, कारण त्याला त्या रानात प्लॉट दिसतात. पाणाड्याला पाणी लागलं तरी पैसे, नाही लागलं तरी पैसे. सल्ला देणाऱ्याचं त्यात काय अडकलंय ते आधी बघा दादा. आणि बोअर नाहीतर कुऱ्हाड, असं दोनच कशाला? १२,००० लिटरचा टँकर ४०० झाडांत वाटला तर झाडाला ३० लिटर, २०० ठेवली तर ६०. फळं उतरवा, छाटणी करा, बुडात उसाचं पाचट जाड अंथरा. एक उन्हाळा तर काढायचाय.

घनसावंगीचा: टँकरचं बिल कोण भरणार, ताई?

बागवान, अंबड: बोअरचेच पैसे तिकडं वळवतो. टँकरवाल्याला विचारलं, पाऊस वेळेवर आला तर पुरतील. नाही आला तर काय, हे कालनिर्णयाच्या मागं लिहून बायकोच्या हातात दिलंय : १५ जूनपर्यंत वाट बघायची, पुढं टँकर बंद. मी फिरलो तर तिनं कागद दाखवायचा. सकाळी दोघं खडू घेऊन झाडांवर खुणा करायला गेलो. वडिलांनी पहिली लावलेली ओळ डिंक्या रोगानं खाल्लीय. ठेवायच्या दोनशेत ती बसत नाही. तिथं मात्र खडू तिनं घेतला.

घनसावंगीचा: मग गुरुवारची गाडी माझ्याकडं पाठवा.