अडीच किलोचा कॅमेरा आणि हलका ट्रायपॉड, जमतं का?

लालबागकर:
नमस्कार मंडळी, इंदूरहून विचारतोय. डिसेंबरात उत्तराखंडात मुन्स्यारीला जायचंय, पंचाचूलीच्या शिखरांसाठी, आणि त्याआधी सरावाला महेश्वर आहेच. कॅमेरा निकॉन डी८५०, त्यावर बहुतेक वेळा ७०-२०० एफ/२.८ असते, म्हणजे एक किलोची बॉडी आणि जवळपास दीड किलोची लेन्स. सध्याचा ट्रायपॉड बाबांच्या काळातला, हेडसकट (कॅमेरा बसतो तो वरचा भाग) साडेतीन किलो, मजबूत इतका की त्यावर चढून पंखा पुसावा, पण विमानात हातात ७ किलोच नेऊ देतात, त्यात हा धरला तर स्वेटर घरीच ठेवावे लागतील. बायको म्हणतेय ट्रायपॉड येणार का मी येऊ ते एकदा ठरव.
मागच्या वर्षी ऑनलाइन एक स्वस्तातला मागवला होता, कंपनीचं नाव जाऊ दे, बॉक्सवर ठळक अक्षरात ८ किलो पेलतो असं लिहिलेलं. ७०-२०० लावली की हेड कितीही आवळा, फ्रेम जमवून हात सोडला की लेन्सचं नाक हळूहळू खाली, जेवण झाल्यावर खुर्चीत डुलकी घेणाऱ्या आजोबांसारखं. आता दीड किलोच्या आसपास काय घेऊ? कार्बन की ॲल्युमिनियम? उंची मात्र डोळ्यापर्यंत हवी, वाकलं की कंबर धरते.

सराफ्यातला_घुबड:
भिया ट्रायपॉड सोड, एक पुतण्या सोबत ने. बरं मजाक बाजूला, मी जाड कापडाच्या थैलीत राजमा भरून नेतो, घाटाच्या कठड्यावर ठेवली की लेन्स त्यात रुतून बसते, एक-दोन सेकंदांचे फोटो आरामात निघतात. जाताना रिकामी थैली न्यायची, राजमा तिकडेच घ्यायचा, पहाडातला राजमा तसाही चांगला असतो.

निवृत्त_मेकॅनिकल:
ते ८ किलो वगैरे आधी विसरा. हा आकडा प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने काढते, त्याचा अर्थ फार तर इतकाच की तेवढं ठेवलं तर मोडणार नाही, हलणार नाही असं कोणीच लिहून देत नाही. पाय बघा. सगळ्यात वरची नळी किती मिलिमीटर आणि शेवटची किती. भिंतीची जाडी तीच धरली तर नळीचा ताठपणा साधारण व्यासाच्या घनाने बदलतो, म्हणजे वरची २४ आणि खालची १२ असेल तर खालची आठपट लेचीपेची. ट्रॅव्हल ट्रायपॉड घडी केल्यावर ४० सेंटीमीटरचा व्हावा म्हणून पायाचे पाच तुकडे करतात, आणि त्या पाचव्या काडीवर तुमचे अडीच किलो उभे. चार सेक्शनचा घ्या, बॅगेत पाच-सहा सेंटीमीटर जास्त गेले तर गेले.
दुसरं, मधला दांडा. कंपन्या उंची सांगतात ती दांडा पूर्ण वर काढून. तो वर काढला की तीन पायांवर एक पाय उभा केलात. तुमच्या डी८५०चा स्क्रीन वर तिरका होतो, मग डोळ्यापर्यंत उंची कशाला हवी? छातीइतकी पुरे, स्क्रीनमध्ये वरून बघा, कंबरही वाचेल.
आणि लेन्सला कॉलर आहे ना, म्हणजे भोवतीचं पाय असलेलं कडं, ट्रायपॉड तिथे लावा, बॉडीला लावू नका. तुमचं नाक खाली जात होतं त्यात अर्धा दोष त्या हेडचा असेल, पण बॉडीवर लावलं असेल तर अर्धा तुमचाही.

लालबागकर:
काका पकडलंत, बॉडीवरच लावत होतो 🙈 कॉलरचा पाय काढून कपाटात ठेवलाय, हलकं व्हावं म्हणून.
पीक डिझाइनचा कार्बनवाला कसा वाटतो? सव्वा किलोच्या वर थोडासा, घडी ३९ सेंटीमीटर.

निवृत्त_मेकॅनिकल:
घडी झकास, बॅगेच्या बाजूच्या खिशात बाटलीसारखा बसतो. पण तोही पाच सेक्शनचा, आणि दांडा पूर्ण खाली असताना हेड मोकळं फिरत नाही, थोडा वर काढावाच लागतो. पैसेही भरपूर. वाइड लेन्सला घ्या म्हटलं असतं, ७०-२०० ला मी नाही घेणार.

रेवातीर:
मी दर हिवाळ्यात महेश्वरला जाते म्हणून दोन गोष्टी. पायाची लॉक पिळायची असतील तर नर्मदेची वाळू आत जातेच, पिळताना करकर ऐकू आलं की समजायचं. घरी येऊन पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवायचे, कापडाने पुसून रात्रभर उघडेच ठेवायचे. पाण्यात उभा करायचा तर खालचा सेक्शन आधी बाहेर काढा आणि वरचा बंद ठेवा, म्हणजे लॉक पाण्याच्या वर राहतं. हे मला तिसऱ्या ट्रायपॉडला कळलं.
दुसरी, ट्रायपॉड जड व्हावा म्हणून दांड्याखालच्या हुकला बॅग लटकवता ती हवेत झुलू देऊ नका, वाऱ्यात घड्याळाच्या लंबकासारखी हलते आणि तोच हेलकावा फोटोत येतो. टेकेल इतकी खाली सोडा. आणि वाटेत मांडूला थांबणार असाल तर आधी विचारून घ्या, पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत हातात कॅमेरा चालतो, ट्रायपॉडला परवानगी लागते. जहाज महालाच्या गेटवरून मी एकदा परत आलेय, ट्रायपॉड गाडीत ठेवायला.

निवृत्त_मेकॅनिकल:
एक राहिलंच. मिरर-अप (आतला आरसा फोटोआधीच वर उचलणं) आणि २ सेकंदांचा डिले लावा. ३० सेकंदांच्या फोटोत आरशाचा धक्का लपून जातो, खरी गडबड साधारण १/३० पासून १ सेकंदापर्यंत, म्हणजे नेमकी संध्याकाळी घाटावर दिवे लागताना.

लालबागकर:
रविवारी मित्राचा चार सेक्शनचा कार्बन आणला, हेडसकट १.७ किलो, वरची नळी २८ मिलिमीटर. गच्चीवर कॉलरवर कॅमेरा लावला, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवर दिसणारं थेट चित्र) पूर्ण झूम करून समोरच्या टाकीवरच्या अक्षरांवर फोकस, आणि पायाला टिचकी मारून मनात मोजायचं. सगळं बाहेर, दांडाही वर, तर अक्षरं चार मोजेपर्यंत थरथरत होती. दांडा खाली, शेवटचा सेक्शन आत, तर एक म्हणायच्या आत शांत. बाबांच्या धुडाला मोजावंच लागलं नाही, पण ते घरीच राहणार.
हाच घेतोय. पाय थंडीत धरायला दोन पायांवर बॅडमिंटनची ग्रिप टेप गुंडाळणार आहे, कोणी केलंय का, भिजली तर सुटते का ती?