ती विकेट नशिबाची, पण सामना आधीच निसटला होता

२०२५ च्या भारत-इंग्लंड मालिकेतल्या लॉर्ड्स कसोटीत भारताची शेवटची, सिराजची विकेट गेली ते निव्वळ दुर्दैव, असं म्हणतात ते पटतं. ३० चेंडू खेळून काढले होते गड्याने. इंग्लंडचा फिरकीपटू बशीरचा तो चेंडूही बॅटच्या मधोमध घेतला, पण तो खाली पडून मागे फिरला, घरंगळत लेग स्टंपला टेकला आणि बेल पडली. समोर जडेजा ६१ वर नाबाद. २२ धावांनी हार. (आणि बशीर मोडलेल्या बोटानिशी टाकत होता, हेही विसरू नये.)

पण मला त्याहून जास्त लागला तो त्याच सामन्यातला पंतचा धावबाद. तिसऱ्या दिवशी उपाहाराला काही मिनिटं उरलेली, राहुल ९८ वर. त्याला स्ट्राइक द्यायच्या नादात नसलेली धाव घेतली आणि स्टोक्सने थेट फेकीत यष्ट्या उडवल्या. पंत ७४ वर गेला. शतक उपाहारानंतरही झालंच असतं, झालंही! दोन्ही संघांचा पहिला डाव ३८७ वर संपला, म्हणजे त्या भागीदारीतून आणखी पन्नासेक धावा आल्या असत्या तर शेवटी सिराजवर ती वेळच आली नसती.

मालिकेतल्या शेवटच्या कसोटीत, ओव्हलवर, याच सिराजने तिसऱ्या दिवसाच्या अगदी शेवटी काय केलं बघा. क्षेत्ररक्षक मागे सीमारेषेवर पाठवला, इंग्लंडचा सलामीवीर क्रॉली उसळत्या बाउन्सरची वाट बघत राहिला आणि आला थेट पायाशी पडणारा यॉर्कर. त्रिफळाचीत! सामना आपण ६ धावांनी जिंकला, मालिका २-२. माझ्यासाठी मालिकेतली सर्वोत्तम विकेट हीच.