घरच्या मोकासाठी चॉकलेट कोणतं घ्यावं?

प्रश्न – कपबशी

घरी मोका, म्हणजे चॉकलेट घातलेली दूध-कॉफी, करतो. तीन कपी मोका पॉट (गॅसवर कॉफी काढायचं भांडं) आहे, दूध फुल क्रीम. एका कपाला ६० मिली कॉफी आणि १५० मिली दूध घेतो. बेकरीचं सामान मिळतं त्या दुकानातली डार्क कंपाउंडची लादी आणली आहे. त्यातलं २५ ग्रॅम किसून उकळत्या दुधात घातलं की वर तेलकट तवंग येतो, तळाशी गाळ बसतो आणि पिऊन झाल्यावर टाळूला मेणचट थर राहतो. चॉकलेट बदलायचं की पद्धत? कोको पावडर वापरली तर चालेल का? कोल्ड मोकाही करायचा आहे.

उत्तर – दुधावरची साय

दोन्ही बदला, पण आधी चॉकलेट. कंपाउंडमध्ये कोको बटरच्या (कोकोच्या बियांतल्या तेलाच्या) जागी दुसरं वनस्पती तेल असतं, बहुतेकदा पाम किंवा पाम कर्नेलचं, घट्ट केलेलं. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडातल्या उष्णतेवर, पूर्ण वितळतं. घट्ट केलेल्या तेलाचा काही भाग त्या तापमानालाही घनच राहतो. तुमचा मेणचट थर तोच.

वेष्टनाची पुढची बाजू सोडा, मागची घटकांची यादी वाचा. कोको मास (दळलेल्या कोको बियांचा लगदा) किंवा कोको सॉलिड्स आणि कोको बटर हवं. हायड्रोजनेटेड व्हेजिटेबल फॅट, म्हणजे तेच घट्ट केलेलं तेल, दिसलं की परत ठेवून द्या. चोको चिप्सही नकोत. भट्टीत आकार टिकावा म्हणून त्या मुद्दाम कमी वितळणाऱ्या केलेल्या असतात.

टक्केवारीचं म्हणाल तर घरच्या मोकाला ५५ टक्के सगळ्यात सोयीचं. अमूलचं ५५ टक्के डार्क कुठेही मिळतं. हा आकडा कोको मास आणि कोको बटर मिळून असतो, उरलेली जवळजवळ सगळी साखर. म्हणजे २५ ग्रॅममध्ये ११ ग्रॅमच्या आसपास साखर आलीच, वरून घालू नका. ७५ टक्के घेतलंत तर १८ ग्रॅम चॉकलेट आणि एक चमचा साखर. मिल्क चॉकलेट कॉफीपुढे टिकत नाही. चव यायला ४० ग्रॅम घालावं लागतं आणि तोवर कप पाकासारखा गोड होतो.

मंद आच

चॉकलेट उकळत्या दुधात टाकूच नका, तवंगाचं निम्मं कारण ते आहे. ते आधी कॉफीत फेटायचं.

२५ ग्रॅम चॉकलेट सुरीने बारीक चिरा आणि कपात घ्या. पॉटमधून उतरलेली गरम कॉफी, ६० मिलीच्या ६० मिली, एकदम ओता. अर्धा मिनिट हात लावू नका, मग छोट्या व्हिस्कने मधून बाहेर फेटत न्या. चकचकीत, सलग मिश्रण झालं की तेल कॉफीत नीट मिसळलं असं समजा. मग ६० ते ६५ अंशांचं दूध तीन टप्प्यांत घाला. थर्मामीटर नसेल तर भांड्याच्या कडेला बारीक बुडबुडे धरू लागताच गॅस बंद.

कॉफी चमचा-चमचा घालण्याची चूक मात्र टाळा. थोडंसंच पाणी मिळालं की चॉकलेटमधली साखर ओली होऊन कोकोचे कण एकमेकांना चिकटतात आणि घट्ट गोळा होतो. तसं झालंच तर टाकून देऊ नका, आणखी दोन-तीन चमचे गरम कॉफी घालून जोरात फेटा, सुटतो.

थोडा गाळ चांगल्या चॉकलेटलाही बसणार. कोकोचे कण विरघळत नाहीत, फक्त तरंगतात. पिता पिता एकदा ढवळायचं.

कपबशी

कळलं. आणि कोको? डिकॉक्शन (कॉफीचा अर्क) चिकोरीवालं, म्हणजे भाजलेल्या चिकोरी मुळांची पूड मिसळलेल्या कॉफीचं असेल तर काही फरक पडतो?

कोकोकण

कोको पावडर उत्तम, कोल्ड मोकाला तर तीच. गार दुधात कोको बटर गोठून चॉकलेटचे कण होतात, स्ट्रॉमध्ये अडकतात. पावडरीत तेल बहुधा १० ते १२ टक्केच असतं.

सरबतासारखा पाक करून ठेवा: ५० ग्रॅम कोको आणि १०० ग्रॅम साखर कोरडंच एकत्र करा, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. १२० मिली पाणी थोडं थोडं घालत फेटा, चिमूटभर मीठ घाला, मंद आचेवर उकळी आल्यावर दोन मिनिटं ढवळत ठेवा. गाळून बाटलीत भरा. फ्रिजमध्ये दोन आठवडे. एका कपाला ३० ग्रॅम.

पावडर घेताना ती अल्कलाइज्ड, म्हणजे आंबटपणा कमी करायला अल्कलीची प्रक्रिया केलेली, आहे का बघा. यादीत ५०० किंवा ५०१ क्रमांकाचा आम्लता नियंत्रक लिहिलेला असतो. तिचा रंग गडद, आंबटपणा कमी, दुधाच्या कॉफीशी छान जमते. साधी पावडर फिकट आणि आंबटसर. हलक्या भाजणीच्या कॉफीबरोबर तो आंबटपणा फार वर येतो. ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्यात मुख्यतः साखरच असते, ते नको.

चिकोरीने फरक पडतो, बराच. तिचा जळकट कडूपणा आणि ७५ टक्के चॉकलेट एकत्र आलं की कॉफीची चव दबते. चिकोरी २० टक्क्यांपर्यंत असेल तर ५५ टक्क्यांचं चॉकलेट चालेल. त्याहून जास्त असेल तर मोकापुरती बिनचिकोरीची, मध्यम भाजणीची पूड वेगळी आणा.

दुधावरची साय

एक राहिलं. उन्हाळ्यात लादीवर पांढरट छटा आली तर ते वर आलेलं कोको बटर आहे. मोकात वितळणारच आहे, बिनधास्त वापरा. फ्रिजमध्ये ठेवायचं तर हवाबंद डब्यात, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नका. पावसाळ्यात लादीवर लगेच दव धरतं.