मिशेल वी: पुरुषांच्या स्पर्धांची घाई नडली का?

फेअरवे:
होनोलुलूची गोल्फपटू मिशेल वी २००३ साली, तेराव्या वर्षी, क्राफ्ट नॅबिस्को या मेजरच्या (सर्वांत मानाच्या स्पर्धांपैकी एक) तिसऱ्या फेरीत ६६ फटक्यांत खेळली आणि संयुक्त नववी आली. पहिलं एलपीजीए (महिलांचा व्यावसायिक दौरा) विजेतेपद मात्र थेट नोव्हेंबर २००९मध्ये. माझ्या मते मधला काळ पुरुषांच्या स्पर्धांनी खाल्ला. पुरुषांच्या सोनी ओपनचं वायाले मैदान सात हजार यार्डांच्या वर. जिथे एरवी वेज (जवळच्या, उंच फटक्याचा क्लब) पुरतो, तिथे मधलं आयर्न (जास्त लांबीचा क्लब) काढावं लागतं. असा चेंडू सपाट येतो, फिरकी कमी, कडक ग्रीनवर (होलभोवतीचं कापलेलं गवत) थांबत नाही. मग दर होलला चिप (ग्रीनबाहेरून छोटा फटका) आणि पार (त्या होलला ठरलेले फटके) वाचवणारा पट (ग्रीनवरून होलकडे ढकलायचा फटका). यातून जिंकायची सवय कशी लागणार?

हिरवळ:
साफ असहमत. त्याच वायालेवर जानेवारी २००४मध्ये, चौदाव्या वर्षी, ती ७२ आणि ६८ खेळली. कट (दोन फेऱ्यांनंतर पुढे खेळायची मर्यादा) एका फटक्याने हुकला. याने खेळ बिघडला असता तर २००५च्या एलपीजीए चॅम्पियनशिपमध्ये ती स्वीडनच्या दिग्गज ॲनिका सोरेनस्टॅमच्या मागे दुसरी आली असती का? २००६मध्ये तर तीन मेजरमध्ये पहिल्या पाचात होती! घात केला तो मनगटाने. २००७च्या सुरुवातीला पडून डावं मनगट मोडलं. उजव्या हाताने खेळणाऱ्यांचं ते पुढचं मनगट. रफमधलं (मैदानाचा न कापलेला भाग) दाट गवत क्लबला धरतं तेव्हा हिसका तिथेच बसतो. दुखण्याच्या धास्तीने पकड सैल पडते आणि क्लबफेस (चेंडूला लागणारी बाजू) फिरतो. त्याच वर्षी जिन ट्रिब्यूट स्पर्धेत १६ होलनंतर पारच्या वर १४ असताना तिने माघार घेतली.

ड्रॉप_नीट_घ्या:
दोघांचंही तिच्या पहिल्या व्यावसायिक स्पर्धेकडे दुर्लक्ष झालंय. ऑक्टोबर २००५, सॅमसंग वर्ल्ड चॅम्पियनशिप. चेंडू झुडपात गेला, तिने तो न खेळण्याजोगा ठरवला. एका फटक्याचा दंड, दोन क्लबलांबीच्या आत ड्रॉप (चेंडू हाताने नव्या जागी सोडणं), पण होलच्या जवळ नाही. इथेच चूक झाली: चेंडू फूटभर जवळ पडला. त्याचा दोन फटक्यांचा दंड न धरता स्कोअरकार्डावर सही, म्हणून चौथी येऊनही बाद. चेंडू उचलण्याआधी मूळ जागी टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) खोचायची, अंतर डोळ्यांनी न जोखता क्लबने मोजायचं, शंका आली तर पंचांना बोलवायचं. हा सराव कमी पडला, आणि तो शिकायची जागा हौशी स्पर्धाच. (२०१६पासून अजाणता झालेल्या अशा चुकीला बाद करत नाहीत; सुरुवातीला जादा दंड लावायचे, २०१९च्या नियमांत तोही काढला. तो बदल योग्यच.)

फेअरवे:
@हिरवळ, मनगटाचं मान्य. पण २००६च्या सप्टेंबरमध्ये, मनगट मोडण्याआधीच, युरोपियन मास्टर्स आणि ८४ लंबर या पुरुषांच्या लागोपाठ दोन स्पर्धांत ती तळाशी होती. उलट न्यूझीलंडची गोल्फपटू लिडिया को बघा. २०१२ आणि २०१३ची कॅनेडियन विमेन्स ओपन हौशी म्हणूनच जिंकली, ऑक्टोबर २०१३मध्ये व्यावसायिक झाली, सतराव्या वर्षी जगात पहिली.

हिरवळ:
को वीसारखी लांब मारणारी नाही, तिला पुरुषांच्या स्पर्धांचा मोह पडणारच नव्हता. आणि वीने २०१४मध्ये पाइनहर्स्ट क्रमांक २ या मैदानावर यूएस विमेन्स ओपन जिंकली. घुमटासारख्या त्या ग्रीनवर चेंडू थांबवणं वायालेहून सोपं नाही.